टर्बो गाडीत मोठे कॅम टाकताय? मग व्हॉल्व्ह स्प्रिंगचं गणित आधी करा

टर्बो गाडीवर काम सुरू केलं की एक टप्पा येतोच, इंटरकूलर झाला, इंजेक्टर झाले, ट्यून झालं, टर्बोसुद्धा मोठा बसला, आणि मग लक्षात येतं की साडेसहा हजार आरपीएमच्या पुढे इंजिनाचा दम संपतोय, टर्बो हवा द्यायला तयार आहे पण हेडमधून (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागातून) ती आत जात नाहीये. इथे कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, विषय निघतो. मग लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) किती, ड्युरेशन (क्रँकच्या किती डिग्री उघडा राहतो) किती, कॅमच्या कुठल्या ग्राइंडला, म्हणजे घडणीला, कुठे पॉवर येते हे सगळं बघून होतं आणि स्प्रिंगचा प्रश्न अगदी शेवटी येतो, तोही असा की "त्या पण बदलाव्याच लागतात का, की स्टॉकवर (कंपनीच्याच स्प्रिंगवर) भागेल?"

माझं मत स्पष्ट आहे, कॅम आणि स्प्रिंग या दोन वेगळ्या खरेद्या समजूच नका. कॅम व्हॉल्व्ह उघडतो पण बंद करते ती स्प्रिंग, त्यामुळे कॅम बदलून स्प्रिंग न बघणं म्हणजे अर्धंच काम झालं. आणि दुसरं टोकही तितकंच चुकीचं, की बाजारात मिळेल ती सगळ्यात कडक स्प्रिंग आणून बसवली की विषय संपला. तसा तो संपत नाही. किती कडक पाहिजे हे चार-पाच मापांवरून ठरतं आणि ती मापं काढायला कुठलंही मोठं शास्त्र लागत नाही, बेरीज-गुणाकार आला की झालं.

आधी स्प्रिंग नेमकं काय करते ते बघू

फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे इंजिन 7200 आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला 3600 वेळा फिरतो, सेकंदाला 60 वेळा, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात 60 वेळा उघडतो आणि बंद होतो. आता समजा कॅमचं ड्युरेशन 260 डिग्री आहे, तर व्हॉल्व्ह सीटवरून (ज्या कड्यावर टेकून तो बंद होतो) उठणं, 10 मिलिमीटर खाली जाणं, परत वर येऊन सीटवर बसणं, हे सगळं साधारण 6 मिलिसेकंदात उरकायचं असतं. हा आकडा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

बऱ्याच जणांना वाटतं की स्प्रिंगचं काम फक्त व्हॉल्व्ह बंद करणं. पण तिची खरी परीक्षा व्हॉल्व्ह उघडत असतानाच सुरू होते. कॅमचा लोब, म्हणजे त्याच्यावरचा उंचवटा, आधी व्हॉल्व्हला जोरात ढकलतो, वेग देतो, आणि मग टोक जवळ आलं की व्हॉल्व्हचा वेग कमी होऊन टोकावर तो क्षणभर शून्य व्हायला पाहिजे आणि मग दिशा उलटायला पाहिजे. आता गंमत अशी की कॅम फक्त ढकलू शकतो, मागे ओढू शकत नाही. तो वेग कमी करायचं आणि दिशा फिरवायचं काम एकटी स्प्रिंग करते. बाईक घेऊन स्पीडब्रेकरवरून हळू गेलात तर टायर चढताना-उतरताना रस्त्याला चिकटून राहतो, आणि तोच स्पीडब्रेकर जोरात मारलात तर टायर माथ्यावरून हवेत जातो, पलीकडचा उतार त्याला लागतच नाही आणि पुढे कुठेतरी तो धाडकन आपटतो. अगदी हेच व्हॉल्व्हचं होतं. स्प्रिंग कमी पडली की टॅपेट (लोब आणि व्हॉल्व्हच्या मधला भाग) लोबच्या टोकावरून सुटतो, व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा जास्त खाली जातो आणि परत येताना बंद होण्याच्या उतारावर किंवा थेट सीटवर आदळतो, आदळून परत उडतो. लोब सोडून हवेत जाणं म्हणजे व्हॉल्व्ह फ्लोट आणि सीटवर आपटून उडणं म्हणजे व्हॉल्व्ह बाऊन्स.

आणि यात आरपीएम वर्गाने मोजला जातो. 7000 वरून 8000 ला गेलात तर आरपीएम फक्त 14 टक्के वाढला पण स्प्रिंगला आवरायला लागणारा जोर 30 टक्क्यांच्या आसपास वाढला. म्हणून "लिमिटर (इंजिनाच्या आरपीएमची कमाल मर्यादा) फक्त पाचशे-हजाराने वर नेला" हे वाक्य ऐकलं की स्प्रिंगच्या बाजूने विचार करा, तिच्यासाठी ते "फक्त" नसतं. शिवाय परफॉर्मन्स कॅमचे लोब जास्त उंच असतात आणि त्यांच्या बाजू बऱ्याचदा स्टॉकपेक्षा तीव्र असतात, म्हणजे त्याच आरपीएमला पण व्हॉल्व्हला जास्त झटका बसतो. लिमिटर जागेवर ठेवला तरी स्प्रिंगवरचं ओझं वाढतंच.

जो भाग हलतो त्याचं वजनही मोजावं लागतं, व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हला अडकवणारे तुकडे), बकेट किंवा रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारा भाग) याचा वाटा, आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश. टायटॅनियम रिटेनर लोक घेतात ते याच्यासाठी, टायटॅनियम स्टीलपेक्षा 40 टक्क्यांच्या आसपास हलकं असतं आणि हलकं केलं की तेवढीच स्प्रिंग जास्त आरपीएमपर्यंत पुरते. दिसायला छान म्हणून नाही.

फ्लोट झाला तर काय होतं

थोडा फ्लोट झाला तर वरच्या आरपीएमला पॉवर कमी मिळते, एवढंच. तिथे न थांबता रेटत राहिलात तर नुकसान सुरू होतं. व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा सीटवर आदळून सीट मार खाते, कॉटर आणि रिटेनरवर झटके बसतात, व्हॉल्व्हच्या डोक्याला मानेपाशी तडा जाऊ शकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकलेला असतानाच बाहेर देतो, तो जर उड्या मारत बसला तर टेकायचा वेळ कमी होतो आणि व्हॉल्व्ह तापत जातो, आणि टर्बो इंजिनात तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायला आयतं निमित्त.

सगळ्यात वाईट म्हणजे पिस्टनला लागणं. कॅम डिग्री करताना, म्हणजे क्रँकच्या कोनाशी जुळवून बसवताना, आपण व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इंटेकला साधारण 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच-तीन मिलिमीटर जागा ठेवतो, पण ती जागा व्हॉल्व्ह लोबला चिकटून राहील असं गृहीत धरून मोजलेली असते. व्हॉल्व्ह लोब सोडून उशिरा परत येत असेल तर त्या मापाला काही अर्थ उरत नाही. आणि व्हॉल्व्हचं डोकं तुटलंच तर फक्त पिस्टन आणि हेडवर भागत नाही, तुकडे एक्झॉस्टमधून सरळ टर्बाइनच्या चाकावर जातात. एका कमी पडलेल्या स्प्रिंगने हेड, पिस्टन आणि टर्बो असं तिन्ही जाऊ शकतं, म्हणून टर्बो गाडीत मी या विषयाला जास्त जपतो.

इंजिनाच्या रचनेप्रमाणे लक्षणं बदलतात. निसानच्या एसआर20डीईटी मध्ये लिमिटरवर आपटल्यावर रॉकर आर्म जागेवरून निसटण्याचा त्रास प्रसिद्ध आहे, त्याच्यासाठी रॉकर आर्म स्टॉपर नावाचा पार्टच मिळतो. शिम (फट जुळवणारी चकती) बकेटच्या वर बसणारी रचना असेल तर फ्लोटमध्ये शिम उडून बाहेर येऊ शकते, म्हणून मोठ्या कॅमसाठी शिम बकेटच्या खाली असलेली रचना लोक पसंत करतात. मित्सुबिशीच्या 4जी63 सारख्या इंजिनात तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे हायड्रॉलिक लॅश अॅडजस्टर असतात, तिथे आणखी एक भानगड होते, टॅपेट सुटला की मधे जी फट पडते ती अॅडजस्टर तेलाने भरून घेतो, म्हणजे तो फुगतो, आणि मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही. आरपीएम खाली आला तरी इंजिन थोडा वेळ मेल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

बूस्टचा संबंध कुठे येतो

आता टर्बोचा खास मुद्दा. इंटेक व्हॉल्व्हच्या पाठीमागे मॅनिफोल्डमधलं (हवेच्या नळ्यांमधलं) बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, असतं आणि ते बंद व्हॉल्व्हला उघडायच्या दिशेने ढकलत असतं. सगळीकडे सांगितलं जातं ते गणित असं, व्हॉल्व्हचं डोकं 34 मिलिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ झालं 9 चौरस सेंटिमीटर, बूस्ट 1.5 बार, म्हणजे जवळपास 14 किलोचा जोर. स्टॉक स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद असताना 28 किलोने दाबत असेल तर त्यातली निम्मी ताकद बूस्टनेच खाल्ली, असा तो हिशोब.

गणित बरोबर आहे पण ते पूर्ण चित्र नाही. कारण व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला सिलिंडर आहे आणि तिथेही प्रेशर असतंच. इंटेक व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा सिलिंडरमध्ये जवळपास बूस्टइतकंच प्रेशर असतं, नंतर कॉम्प्रेशन आणि पॉवर स्ट्रोकमध्ये ते त्याच्या कित्येक पट होतं आणि व्हॉल्व्हला सीटवर दाबूनच धरतं, आणि एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये सिलिंडरमध्ये एक्झॉस्टचं बॅकप्रेशर (टर्बाइनमुळे अडणाऱ्या गॅसचा उलटा दाब) असतं जे छोट्या टर्बोवर बूस्टपेक्षा जास्तच असतं. म्हणजे तो पूर्ण 14 किलोचा जोर प्रत्यक्षात क्वचित लागतो, मोठा मोकळा टर्बो असेल आणि बॅकप्रेशर बूस्टपेक्षा कमी असेल तर एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी त्यातला काही भाग लागू पडतो. मी हा आकडा कमाल मर्यादा म्हणून धरतो, सीट प्रेशर ठरवताना एवढी सोय ठेवली की काळजी नाही, पण याच्या वर आणखी भर घालत बसायची गरज नाही.

एक्झॉस्टच्या बाजूला मात्र लोक कमी बघतात आणि खरी अडचण तिथे जास्त असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधलं प्रेशर एकसारखं नसतं, त्यात ठोके असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर 180 डिग्रीला एक सिलिंडर पेटतो, त्यामुळे एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात असतो नेमका तेव्हाच पुढच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडतो आणि त्याचा गरम गॅसचा ठोका मॅनिफोल्डमधून याच्या व्हॉल्व्हच्या पाठीवर येऊन आदळतो. 29 मिलिमीटरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे साडेसहा चौरस सेंटिमीटर, आणि ठोक्याच्या क्षणी मॅनिफोल्डमधलं प्रेशर सिलिंडरपेक्षा नुसतं 1 बार जास्त असलं तरी साडेसहा-सात किलोचा धक्का बसतो, तोही नेमका व्हॉल्व्ह सीटवर टेकत असताना. इथे सीट प्रेशर कमी असेल तर व्हॉल्व्ह परत उचलला जातो, गरम गॅस आत शिरतो, नॉकची (मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटण्याची) शक्यता वाढते. ट्विन स्क्रोल (गॅसच्या दोन वेगळ्या वाटांच्या) टर्बोमध्ये 1-4 आणि 2-3 असे सिलिंडर वेगळे करतात त्याचं एक कारण हेच ठोके एकमेकांपासून लांब ठेवणं.

म्हणून थोडक्यात दोन आकडे वेगवेगळे लक्षात ठेवा. सीट प्रेशर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतानाचा जोर, तो बूस्ट, बॅकप्रेशर आणि बाऊन्ससाठी. आणि ओपन प्रेशर, म्हणजे पूर्ण लिफ्टवरचा जोर, तो आरपीएम आणि लोबच्या आकारासाठी. स्प्रिंग घेताना कुणी एकच आकडा सांगत असेल तर दुसरा विचारून घ्या.

एक उदाहरण हातात घेऊन करू

समजा आपल्या हेडवर स्प्रिंगची बसवलेली उंची म्हणजे इन्स्टॉल्ड हाइट 36 मिलिमीटर आहे, त्या उंचीला जोर 28 किलो, आणि स्प्रिंगचा रेट, म्हणजे दबताना वाढणारा जोर, दर मिलिमीटरला 4 किलो. स्टॉक लिफ्ट साडेआठ मिलिमीटर. तर पूर्ण लिफ्टवर जोर झाला 28 अधिक 34, म्हणजे 62 किलो. या स्प्रिंगचे सगळे वेटोळे एकमेकांना टेकतात ती उंची, म्हणजे कॉइल बाइंडची उंची, धरू 25 मिलिमीटर. स्टॉक लिफ्टवर स्प्रिंग साडेसत्तावीस मिलिमीटरपर्यंत दबते, अडीच मिलिमीटर शिल्लक, काही अडचण नाही.

आता साडेदहा मिलिमीटर लिफ्टचा कॅम टाकला. स्प्रिंग दबून 25.5 ला येणार, कॉइल बाइंडला फक्त अर्धा मिलिमीटर उरला. हे चालणार नाही, साधारण 1 ते दीड मिलिमीटर तरी मोकळं राहायलाच पाहिजे कारण जास्त आरपीएमला स्प्रिंग स्वतः पण थरथरते आणि वेटोळे जवळ येतात. वेटोळे पूर्ण टेकले तर स्प्रिंग मग स्प्रिंग राहतच नाही, लोखंडाची नळी होते, आणि कॅम त्या नळीला दाबायला बघतो, मग लोब, रॉकर, रिटेनर यातलं जे कच्चं असेल ते जातं. दुसरं माप, रिटेनरच्या खालच्या कडेपासून व्हॉल्व्ह गाईडच्या ऑइल सीलपर्यंतचं अंतर. ते समजा 12 मिलिमीटर आहे, तर साडेदहा लिफ्टला दीड मिलिमीटर उरतो, हे बसतं. पण बारा-साडेबारा लिफ्टचा कॅम असता तर रिटेनर सीलला जाऊन ठोकला असता आणि मग धूर सुरू झाला की लोक टर्बोच्या सीलला दोष देत बसले असते.

ओपन प्रेशर बघा, लिफ्ट वाढल्यामुळे ते आपोआप 62 वरून 70 झालं. म्हणून कुणी म्हणतं बघा, जोर तर वाढलाच की. वाढला, पण 8 किलोच, आणि इकडे लोब तीव्र झाला, लिमिटर 7000 चा 7800 केला तर एकट्या आरपीएमनेच मागणी 24 टक्क्यांनी वाढली, आणि सीट प्रेशर तर 28 चं 28 च आहे.

आणि यात अजून एक गोष्ट, हेड जुनं असेल आणि व्हॉल्व्ह सीट कटिंग करून घेतल्या असतील तर व्हॉल्व्ह थोडे वर सरकलेले असतात, स्प्रिंगची बसवलेली उंची वाढते. अर्धा मिलिमीटर वाढली तर या उदाहरणात 2 किलो सीट प्रेशर गेलं. जुन्या स्प्रिंग उष्णतेने आणि वयाने बसतात, त्यातही काही किलो जातात. म्हणजे कागदावर 28 आणि प्रत्यक्षात 24 असं सहज होऊ शकतं. म्हणून कागदावर विसंबू नका, सोळाही स्प्रिंग टेस्टरवर ठेवून इन्स्टॉल्ड हाइटला आणि पूर्ण लिफ्टच्या उंचीला किती जोर देतात ते मोजा.

याच हेडला आता अशी स्प्रिंग हवी जिची कॉइल बाइंड उंची 22-23 च्या आसपास असेल, 36 ला सीट प्रेशर 36-38 किलो आणि पूर्ण लिफ्टवर 85 च्या घरात. थोडं कमी पडलं तर स्प्रिंगखाली शिम टाकून वाढवता येतं, रेट साडेचार किलोचा असेल तर 1 मिलिमीटरच्या शिमला साडेचार किलो, पण शिम टाकली की कॉइल बाइंड तेवढंच जवळ येतं हे विसरायचं नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या इंजिनाचे वेगळे निघतील, आणि पहिला शब्द कॅम बनवणाऱ्याचाच धरायचा, कारण लोबचा खरा आकार त्यालाच माहीत असतो, आपल्याला फक्त लिफ्ट आणि ड्युरेशन सांगितलेलं असतं. एकाच लिफ्ट आणि ड्युरेशनच्या दोन कॅमना वेगवेगळ्या स्प्रिंग लागू शकतात.

मग सरळ सगळ्यात कडक का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. कडक स्प्रिंगचा त्रास जास्त आरपीएमला होत नाही, आयडलला होतो. जास्त आरपीएमला लोबच्या टोकावर व्हॉल्व्हचं वजनच स्प्रिंगच्या विरुद्ध खेचत असतं, त्यामुळे लोबवरचा दाब कमी होतो. आयडलला ती मदत नसते, स्प्रिंगचा सगळा जोर लोबच्या टोकावर आणि टॅपेटवर, तोही ऑइल प्रेशर कमी असताना. रोजच्या वापराची गाडी आयुष्यातला कितीतरी वेळ तिथेच काढते. त्यात बकेट लोबवर घासत चालणारी रचना असेल तर झीज लवकर दिसते, रोलर असेल तर थोडं माफ होतं. शिवाय टायमिंग बेल्ट किंवा चेनवर ताण वाढतो, सीटवर व्हॉल्व्ह जास्त जोराने बसतो, हायड्रॉलिक अॅडजस्टर दाबाखाली खाली बसू शकतो आणि मग लिफ्टच कमी मिळते. पाहिजे तेवढी कडक आणि वर थोडी सोय, बस.

स्प्रिंगच्या प्रकारांबद्दल थोडं. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते आणि एखाद्या आरपीएमला कॅमचे ठोके तिच्याशी जुळले की वेटोळ्यांमधून लाट पळायला लागते, याला सर्ज म्हणतात, त्यावेळी स्प्रिंगचा जोर कागदावरच्यापेक्षा बराच कमी होऊ शकतो. ड्युअल स्प्रिंगमध्ये आतली आणि बाहेरची दोघींची फ्रिक्वेन्सी वेगळी असते आणि काही जोड्यांत आतली बाहेरचीला घासून बसते, त्या घासण्याने लाट मरते. बीहाइव म्हणजे वर निमुळती होणारी स्प्रिंग, तिचे वेटोळे वेगवेगळ्या व्यासाचे असल्यामुळे सगळे एका फ्रिक्वेन्सीला येत नाहीत, आणि वर निमुळती म्हणून रिटेनर छोटा आणि हलका बसतो. रस्त्यावरच्या टर्बो गाडीला, मध्यम कॅम आणि साडेसात-पावणेआठ हजारापर्यंतच्या लिमिटरला मला चांगली सिंगल बीहाइव जास्त आवडते, हलकी असते आणि कमी सीट प्रेशरमध्ये काम करते. लिफ्ट फार मोठी आणि बूस्ट पण जोरात असेल तर मग ड्युअल, एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला धरून ठेवते हा तिचा मोठा फायदा.

स्टीलच्या स्प्रिंगची ही मर्यादा रेसिंगमध्ये इतकी जाणवली की रेनोने 1986 च्या आपल्या दीड लिटर टर्बो व्ही6 फॉर्म्युला वन इंजिनात स्प्रिंग काढून टाकून दाबलेल्या हवेवर व्हॉल्व्ह बंद करायची पद्धत आणली. त्याच्याही आधी 1954 च्या मर्सिडीज डब्ल्यू196 मध्ये आणि नंतर डुकाटीच्या मोटरसायकलींमध्ये व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच वापरला, त्याला डेस्मोड्रॉमिक म्हणतात.

स्टॉक स्प्रिंग कधी चालतात

चालतात, खोटं कशाला बोलू. कॅम सौम्य असेल, लिफ्ट स्टॉकच्या आसपास असेल, बनवणाऱ्याने स्वतः स्टॉक स्प्रिंग चालतील असं सांगितलं असेल, लिमिटर हलवला नसेल, बूस्ट फार वाढवलं नसेल आणि स्प्रिंग टेस्टरवर पास असतील तर बदलू नका. यातली एक जरी गोष्ट नसेल तर बदला. रीग्राइंड कॅम असेल तर जरा सावध, त्यात लोबचा तळ घासून लिफ्ट वाढवलेली असते, व्हॉल्व्ह सीटवरच असल्यामुळे स्प्रिंगची बसवलेली उंची बदलत नाही पण टॅपेटमधली फट वाढते, जाड शिम लागतात, आणि हायड्रॉलिक असेल तर अॅडजस्टरची पोहोच पुरते का ते बघावं लागतं.

डायनोवर ओळखायचं कसं

डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) वरच्या आरपीएमला गाडी तुटायला, म्हणजे अडखळायला, लागली, आवाज फाटला, पॉवरची रेघ दातेरी झाली की पहिला संशय स्पार्कवर जातो आणि ते योग्यच आहे कारण ते तपासणं सोपं, प्लगचा गॅप कमी करा आणि परत रन घ्या. स्पार्कचा त्रास बहुतेक वेळा जिथे टॉर्क सगळ्यात जास्त तिथे सुरू होतो कारण सिलिंडरमध्ये तेव्हा सगळ्यात जास्त प्रेशर असतं. फ्लोट मात्र शेवटी, लिमिटरच्या जवळ.

मग बूस्ट कमी करून त्याच आरपीएमपर्यंत रन घ्या. बूस्ट कमी केलं तरी बरोब्बर त्याच आरपीएमला तुटत असेल तर स्प्रिंग व्हॉल्व्हचं वजन आवरू शकत नाहीये, ओपन प्रेशर कमी. बूस्ट कमी केल्यावर त्रास वर सरकला किंवा गेला आणि प्लग-कॉइल आधीच तपासून झालेत, तर सीट प्रेशर कमी असण्याची शक्यता जास्त. बूस्टची रेघ सपाट आहे आणि पॉवर अचानक पडतेय, इग्निशन टायमिंग ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागे घेतलेलं नाही, ही जोडी दिसली तर मी पुढचा रन घेत नाही, व्हॉल्व्ह कव्हर उघडतो. आणि एक लक्षात ठेवा, चुकीच्या खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिन ओव्हररेव्ह झालं तर लिमिटर काहीही करू शकत नाही, तिथे वाचवली तर स्प्रिंगच वाचवते.

बसवताना

हेड खाली उतरलेलं असेल तर उत्तम, सगळं टेबलावर मापता येतं. हेड जागेवर ठेवूनही होतं, प्लगच्या भोकातून सहा-सात बारची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरायचा किंवा सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन वर आणायचा. हवा वापरत असाल तर पिस्टन टॉपला ठेवा, म्हणजे हवा गेली तरी व्हॉल्व्ह आत पडणार नाही, आणि हात-कपडे क्रँकच्या पुलीपासून लांब, हवेने इंजिन फिरू शकतं. ऑइल सील याच वेळी नवीन टाका, परत उघडायला लागू नये.

नवीन स्प्रिंगचा रिटेनर त्याच स्प्रिंगचा हवा, कॉटरचा कोन रिटेनरच्या कोनाशी जुळायला हवा, 7 डिग्रीचा कॉटर 10 डिग्रीच्या रिटेनरमध्ये बसल्यासारखा वाटतो पण धरत नाही. ड्युअल स्प्रिंगचा रिटेनर मोठा असतो, तो बकेटच्या आतल्या बाजूला घासतो का बघा. मोठ्या लिफ्टच्या कॅमचं नाक काही हेडमध्ये कास्टिंगला लागतं, तिथे हाताने कॅम पूर्ण फिरवून प्रत्येक लोब मोकळा जातो का ते बघायचं. व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर मापताना खऱ्या स्प्रिंगऐवजी हलक्या चेकिंग स्प्रिंग लावा आणि एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टॉपच्या आधी-नंतर 10-15 डिग्रीत नीट मापा, कारण सगळ्यात कमी अंतर बरोब्बर टॉपला नाही तर त्याच्या आजूबाजूला असतं, एक्झॉस्टचं टॉपच्या आधी आणि इंटेकचं नंतर.

पहिल्यांदा चालू करताना लोबवर असेंब्ली ल्यूब भरपूर लावलेलं असू द्या. नवीन स्प्रिंगना एक हीट सायकल द्यावी असं बरेच बनवणारे सांगतात, म्हणजे आयडलच्या थोडं वर पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल चांगलं गरम होऊ द्यायचं, मग बंद करून इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, त्याआधी लिमिटरवर नेणं नाही. त्यानंतर व्हॉल्व्ह क्लिअरन्स परत एकदा बघा, नवीन शिम आणि कॉटर पहिल्या काही तासांत थोडे बसतात. जोरात वापरल्या जाणाऱ्या गाडीत स्प्रिंग कायमच्या नसतात, पुढच्या वेळी कव्हर उघडेल तेव्हा दोन-तीन स्प्रिंग काढून टेस्टरवर ठेवा आणि पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा, दहा टक्क्यांच्या आसपास जोर गेला असेल तर पूर्ण सेट बदला.